सायलेन्सर आणि सरकणारी गोळी

सिनेमातला मारेकरी पिस्तुलाला एक नळी बसवतो, 'फुस्स' होतं आणि समोरचा आडवा! प्रत्यक्षात सायलेन्सर आवाज मारत नाही, नुसता कमी करतो.

हिरम पर्सी मॅक्सिमला अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं १९०९ साली. गंमत म्हणजे मशीनगनवाला हिरम मॅक्सिम हा त्याचा बाप! नळीतल्या पडद्यांत गरम वायू अडतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरसारखंच. पण ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका कुठलीच नळी थांबवू शकत नाही.

खरी भानगड नेमाची आहे. गोळी सुटताना बॅरल थरथरतं. टोकाला वजन लावलं की ही थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे लागते. सायलेन्सरचंच कशाला, रशियाच्या १८९१ च्या मोसिन-नागांत रायफलीचा नेम संगीन लावूनच जुळवलेला असे. संगीन काढली की गोळी सरकायची.

मग दोन सायलेन्सरांत चांगला कुठला? कमी सरकवणाराच असं नाही. काढून पुन्हा बसवल्यावर दर वेळी तेवढंच, त्याच दिशेला सरकवणारा. ठरलेला फरक दुर्बीण जुळवून भरून काढता येतो. लहरी फरकाचं काय करणार? शिकाऱ्याच्या हातून जनावर जागीच न पडता जखमी होऊन रानात तडफडत राहतं.

आपल्या धंद्यातही दर वेळी येणारा बग परवडतो. अधूनमधून उगवणारा मात्र झोप उडवतो!