यंत्रांच्या नामकरणाचा इतिहास
जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याचे नाव धारण करणाऱ्या फरीदाबादेत २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या भारतीय जैविक डेटा केंद्रातील उच्चक्षमता संगणन सुविधेला ‘ब्रह्म’ असे, काहीसे भारदस्तच, नाव आहे. अशा सुविधांप्रमाणेच जाळ्यातील प्रत्येक संगणकालाही नाव लागते; हे ओळखनाव, म्हणजे होस्टनेम, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या काळात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील एकाच यादीत नोंदवले जाई; ती अपुरी पडू लागल्यावर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी डीएनएस व्यवस्था मांडली, आणि त्याच वर्षीच्या बर्कले युनिक्समध्ये ‘होस्टनेम’ हा आदेश आला. नुसता दिल्यास तो नाव दाखवतो, पुढे नवे नाव लिहिल्यास ते बदलतो. मात्र बदलाचा अधिकार प्रशासकाकडेच असतो, आणि लिनक्सवर असा बदल यंत्र पुन्हा सुरू होताच पुसला जात असल्याने कायमच्या नोंदीसाठी ‘होस्टनेमसीटीएल’ वापरतात.