घडीच्या स्कूटरची उडी
झुरिकच्या विम आउबोटरला सॉसेज खायला जायचं होतं. चालायला लांब, गाडी काढायला जवळ. त्यातून घडीची छोटी स्कूटर आली. 2000 साली ‘रेझर’ नावानं ती अमेरिकेत तुफान खपली आणि अनेक घरांत लवकरच अडगळीत गेली. मला विचाराल तर खरा इतिहास तिथून पुढचा. काही पोरं तिला स्केटपार्कात घेऊन गेली. तिथं ती टेलव्हिप मारू लागली. टेलव्हिप म्हणजे हँडल धरून उडी मारायची आणि हवेतच पायाखालची फळी गरकन फिरवायची. अशा उड्यांनी घडीचा सांधा खुळखुळायचा, चाकांचा प्लॅस्टिकचा गाभा फुटायचा. मग सांधाच गेला, धातूच्या गाभ्याची चाकं आली. सुटे भाग बनवणाऱ्या काही कंपन्याही स्कूटरवाल्या पोरांनीच काढल्या. स्केटबोर्डवाले मात्र नाकं मुरडत राहिले (खेळणंच ना ते!). ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स याच खेळण्यावरून ‘नायट्रो सर्कस’ या थरारक कसरतींच्या शोमध्ये पोहोचला.