बुद्धिबळ-मुष्टियुद्ध : एका जोडखेळाची घडण

द्वंद्व समासाचे इतरेतर आणि समाहार असे दोन भेद वैयाकरण मानतात. पहिल्यात दोन्ही पदे आपापले वेगळेपण राखून शेजारी उभी राहतात. दुसऱ्यात त्यांचा मिळून एकच समूह कल्पिला जातो. युरोपात अलीकडे रूढ झालेल्या बुद्धिबळ-मुष्टियुद्ध या खेळाचा इतिहास पाहता हाच भेद तेथे कळीचा ठरल्याचे आढळते.

या दोन खेळांची नावे एकत्र येण्याचा प्रसंग जुना आहे. १९७९ सालच्या एका कुंग-फू चित्रपटाच्या इंग्रजी नावात ती जोडी दिसते. परंतु तेथील बुद्धिबळ चिनी, आणि झुंजीचे नियम असे काहीच नाहीत. खेळाची कल्पना म्हणून तिचा स्पष्ट उच्चार केला तो फ्रेंच चित्रकथाकार एंकी बिलाल यांनी, १९९२ सालच्या ‘फ्रवा एक्वातर’ या चित्रकथेत. तेथे प्रतिस्पर्धी मुष्टियुद्धाचा सबंध सामना आधी लढतात आणि मग पटाकडे वळतात. म्हणजे हा इतरेतर द्वंद्वच झाला.

डच कलावंत ईपे रूबिंख यांनी ही कल्पना उचलली आणि २००३ साली ती प्रत्यक्षात आणली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यात ते स्वतःच उतरले आणि प्रतिस्पर्ध्याची घड्याळाची मुदत संपल्याने विजयी झाले. (संस्थापकानेच पहिले अजिंक्यपद पटकवावे, हे क्रीडेतिहासात फारसे घडत नसावे.) त्यांची खरी कामगिरी मात्र या विजयात नसून फेऱ्यांच्या आलटून-पालटून केलेल्या मांडणीत आहे. एकूण अकरा फेऱ्या. सहा बुद्धिबळाच्या, पाच मुष्टियुद्धाच्या. आरंभ व शेवट पटावर. मधल्या मिनिटभराच्या विश्रांतीत पट रिंगणात आणला वा बाहेर नेला जातो, आणि डाव सोडला तेथूनच पुढे चालू होतो. मात, शरणागती, वेळ संपणे किंवा प्रतिस्पर्ध्याला लोळविणे, यांपैकी कशानेही सामना निकालात निघतो.

या अदलाबदलीमुळे एका खेळातील स्थिती दुसऱ्यात शिरते. पटावर हरत आलेल्या खेळाडूला पुढच्या तीन मिनिटांत ठोसा मारून सुटण्याची आशा असते, तर मार खाल्लेल्याला धापा टाकीत वजीर वाचवावा लागतो. अर्थात यातून पळवाटही निघते. हरणारा खेळाडू चाल न करता फेरी संपण्याची वाट पाहू शकतो. घड्याळ त्याच्याविरुद्ध चालूच असते, तरी तेवढ्याने भागत नाही; म्हणून अशा दिरंगाईबद्दल पंच ताकीद देतात. प्रेक्षकांनी चाल सुचवू नये यासाठी खेळाडूंच्या कानांवर आवाज रोखणारी साधने चढविली जातात. असे नियम दोहोंपैकी एकाही मूळ खेळास लागत नाहीत. ते जोडखेळाचे स्वतःचे आहेत. माझ्या मते समाहाराचा सर्वांत भक्कम पुरावा तोच.

रूबिंख २०२० साली निवर्तले. तत्पूर्वी, २०११ मध्ये, भारतातही कोलकाता येथे या खेळाची संघटना उभी राहिली होती. मराठीत त्याला सर्वमान्य नाव अद्याप नाही. वास्तविक आपल्या भाषेने ‘बुद्धिबळ’ या शब्दातच बळ आणून ठेवले आहे, आणि ‘डावपेच’ हा शब्द तर आखाड्यात व पटावर सारखाच चालतो. तेव्हा नाव घडविणाऱ्यास साहित्याची वाण पडू नये.