रानपिंगळ्याची साक्ष

नागपूरच्या पश्चिमेस, अमरावतीच्या रस्त्यावर, वाडी हें गांव लागतें. गांव म्हणावयाचें तें केवळ संवयीनें. आतां तेथें नगर परिषद आहे, गुदामांच्या रांगा आहेत, आणि मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालू असते. अशा ठिकाणीं पक्ष्यांची गोष्ट काढणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ग्रीष्माच्या आरंभीं, ऊन चढण्यापूर्वींचा थोडा वेळ तेथेंहि मोठा रम्य असतो. गुदामांमागें जे चार-दोन कडुनिंब शिल्लक आहेत, त्यांवर पोपट, साळुंक्या आणि पिंगळे यांचें भांडण चाललेलें असतें, आणि आंबाझरी तलावाच्या बाजूनें टिटवीची हाक येते.

विदर्भांतील पक्षिनिरीक्षकांस हा काळ विशेष लोभाचा. सागाचीं रानें निष्पर्ण झालेलीं असतात, नाले आटून पाणी एखाद-दुसऱ्या डोहांत उरलेलें असतें, आणि तहानलेलें पाखरूं लपूं म्हटलें तरी लपत नाहीं. थंडीचे पाहुणे गेलेले असतात; नवरंग, चातक हे पावसाळ्याचे पाहुणे येऊं घातलेले असतात. एरवीं वर्षभर दर्शन न देणारा पक्षी या दिवसांत एखाद्याच्या दृष्टीस पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं ती वार्ता चंद्रपुरापासून मेळघाटापर्यंत पोंचते.

गेल्या मे महिन्यांत असाच एक प्रसंग घडला. आमच्या ओळखीच्या कुटुंबांतील एक मुलगा विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें वाडींतील एका गुदामामागच्या कडुनिंबावर भर दिवसा एक ठेंगणें घुबड पाहिलें, आणि 'ई-बर्ड' नांवाच्या जागतिक नोंदवहींत तें 'रानपिंगळा' म्हणून टिपलें. दोन दिवसांनीं त्या नोंदवहीच्या तपासनिसाकडून पृच्छा आली: छायाचित्र आहे काय? डोक्यावर ठिपके होते काय? मुलगा संतापून आमच्याकडे आला. "सर, मी माझ्या डोळ्यांनीं पाहिलंय. माझ्यावर विश्वासच नाहीं का यांचा?" त्यास आम्हीं दिलेलें उत्तर लांबलें, कारण या एका पक्ष्याच्या बाबतींत नुसत्या शब्दावर विश्वास ठेवल्यानें काय झालें, याची हकीकत फार जुनी आहे.

१८७२ च्या अखेरीस फ्रान्सिस ब्लेविट नांवाच्या इंग्रज गृहस्थास बसना-फुलझरच्या रानांत एक अनोळखी घुबड मिळालें. तो मुलूख आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यांत येतो. त्या काळीं तो मध्यप्रांतांत होता, आणि त्या प्रांताची राजधानी आमचें नागपूर. ब्लेविटनें तो नमुना अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांजकडे पाठविला. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून आपण ज्यांस ओळखतों, तेच हे ह्यूमसाहेब. १८८५ पूर्वीं त्यांचा लौकिक राजकारणापेक्षां पक्षिशास्त्रांत अधिक होता. १८७३ सालीं आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत त्यांनीं या पक्ष्याचें वर्णन छापलें आणि त्यास ब्लेविटचें नांव दिलें. पुढें त्यांच्या आयुष्यांत एक विलक्षण दुर्घटना घडली. ते सिमल्याबाहेर गेले असतां नोकरानें त्यांचीं कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें रद्दी म्हणून बाजारांत विकून टाकलीं. ह्यूमसाहेबांचें मन त्या विषयावरून उडालें, आणि त्यांनीं आपला अफाट संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पक्षिशास्त्राचें जें नुकसान झालें, त्यांतून राष्ट्रीय सभेस एक सवड असलेला मनुष्य मिळाला, असें म्हणण्याचा आम्हांस मोह होतो; पण तो विषय निराळा.

रानपिंगळ्याचे पुढचे बरेच नमुने जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांत, शहाद्याच्या बाजूस, जमविले. डेव्हिडसन हा टांचणांचा पक्का मनुष्य. स्थळ, दिवस, सर्व नीट लिहून ठेवणारा. १८८४ पर्यंत जगांतील सर्व संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचीं सातच कातडीं जमलीं होतीं. त्यानंतर पक्षी जो अदृश्य झाला तो झालाच.

मग कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचा प्रवेश झाला. सेनाधिकारी, हेर, ग्रंथकार आणि नामांकित पक्षिशास्त्रज्ञ अशी त्यांची ख्याति होती. आपणांस हा पक्षी १९१४ सालीं तापीच्या कांठीं मांडवी येथें मिळाला, असें त्यांनीं सांगितलें. कातडें हजर, त्यास चिठ्ठी बांधलेली. कर्नलसाहेबांच्या शब्दावर संशय कोण घेणार? ती नोंद ग्रंथांत शिरली, आणि पक्ष्याच्या शेवटच्या दर्शनाचें साल १८८४ चें १९१४ झालें. वास्तविक संशयास जागा होती. १९१९ सालीं परवानगीवांचून नमुने बाहेर नेल्यावरून ब्रिटिश म्युझियमनें त्यांस आपल्या पक्षिदालनांत कांहीं काळ बंदी केली होती. तथापि त्याच संस्थेनें १९५४ सालीं त्यांचा सुमारें वीस हजार कातड्यांचा संग्रह आदरानें स्वीकारला. त्यांत तिच्याच कपाटांतून गेलेले नमुने नव्या चिठ्ठ्या बांधून परत आले होते.

हें उघडकीस यावयास कर्नलसाहेबांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें तीं कातडीं एकेक करून तपासलीं. मांडवीचा म्हणून मिरविणारा रानपिंगळा वस्तुतः डेव्हिडसननें १८८० नंतरच्या वर्षांत खानदेशांत मिळविलेला होता! कर्नलांनीं तो चोरला, उसवला, पुन्हां भरला, आणि त्यास आपल्या नांवाची चिठ्ठी लावली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं ही सर्व हकीकत १९९९ सालीं प्रसिद्ध केली.

कित्येक म्हणतात कीं, एवढ्या मोठ्या संग्रहांत थोडी लबाडी झाली तर झाली. बाकीचें काम तर खरें आहे. आम्हांस हें मुळींच पटत नाहीं. खरें कोणतें हें ठरविण्याचें साधनच त्या मनुष्यानें नाहींसें केलें. त्याच्या प्रत्येक चिठ्ठीकडे आतां संशयानें पाहावें लागतें. आणि ज्यांनीं मांडवीच्या नोंदीवर भिस्त ठेवली, त्यांनीं पक्षी जेथें नव्हताच तेथें त्याचा माग काढण्यांत आपले दिवस घालविले.

खोटी चिठ्ठी बाजूस सारतांच खऱ्या चिठ्ठ्या बोलूं लागल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांनीं १९९७ च्या नोव्हेंबरांत प्रथम पूर्वेकडील जुनीं ठिकाणें धुंडाळलीं. तेथें निराशा झाली. मग ते डेव्हिडसनच्या शहाद्याकडे वळले. २५ नोव्हेंबरच्या सकाळीं, सातपुड्याच्या पायथ्याशीं, उघड्या उन्हांत एका निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांनीं पाहिला. एकशें तेरा वर्षें लोटलीं होतीं. पुढें तो मेळघाटांत, यावलच्या रानांत, आणि २०१४ सालीं मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यांतहि आढळला. आज त्याची संख्या हजाराच्या आंतच मानली जाते. वाडीवरून जाणारा रस्ताच पुढें अमरावतीस व तेथून मेळघाटाकडे जातो, हें येथें सांगितलें पाहिजे. मुलाचा दावा अगदींच हवेंतला नव्हता.

साक्षीदाराच्या पदवीचें महत्त्व किती, हें दाखविणारी दुसरी एक गोष्ट याच जुन्या मध्यप्रांताशीं जोडलेली आहे. जेर्डनचा धाविक म्हणून जमिनीवर वावरणारा एक निशाचर पक्षी आहे. सिरोंचा तेव्हां मध्यप्रांतांत होतें, आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. त्या बाजूस ब्लॅनफर्ड यांस तो आढळल्याची नोंद आहे. १९०० नंतर तोहि नाहींसा झाला. १९८६ च्या जानेवारींत आंध्रांतील कडप्पा जिल्ह्यांत तो पुन्हां मिळाला, तो कोणा कर्नलास नव्हे, तर ऐतण्णा नांवाच्या एका पारध्यास. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण तेथें शोध घेत होते. ऐतण्णानें रात्रीं विजेरीच्या उजेडांत तो पक्षी जिवंत धरून आणला. चिठ्ठी बांधण्याची विद्या त्याजपाशीं नव्हती, पण हातांत पक्षी होता.

एवढें सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, "पण मी खोटं कुठं बोललो, सर? मी काय चोरलं?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर देण्यास आम्हांस आमची जुनी वही काढावी लागली.

१९९१ च्या मे महिन्यांत, विद्यार्थिदशेंत असतां, आम्ही नवेगावबांधास गेलों होतों. दुपारीं साडेचारच्या सुमारास एका वाळलेल्या झाडावर लहान घुबड बसलेलें पाहिलें. दिवसाढवळ्या बसलेलें, म्हणून आम्हीं वहींत लिहिलें: 'रानपिंगळा.' आणि पुढें एकच शब्द: 'निश्चित.' त्या वेळीं हा पक्षी ओळखूं शकेल असा मनुष्य हयात होता कीं नाहीं, कोणास ठाऊक! पण आम्ही निश्चित होतों. मित्रमंडळींत ती गोष्ट आम्हीं कित्येकदां सांगितली, आणि एका मित्रानें ती एका स्मरणिकेच्या यादींत छापलीहि. रानपिंगळा पुन्हां सांपडल्यावर त्याच्या खुणा सविस्तर प्रसिद्ध झाल्या. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहींत, पाय भक्कम, पंख व शेपटी यांवर रुंद पांढरे पट्टे, पोट पांढरें. आमच्या घुबडाच्या डोक्यावर ठिपके होते. आम्हांस ते तेव्हांहि दिसले होते, स्वच्छ दिसले होते. पण पाहिजे असलेल्या पक्ष्यास ते शोभत नव्हते, म्हणून वहींत उतरले नाहींत. साधा पिंगळाहि दिवसा ढोलीच्या तोंडाशीं ऊन खात बसतो, हें वाडींतल्या कोणत्याहि म्हातारीनें आम्हांस सांगितलें असतें. कर्नलसाहेबांनीं जाणूनबुजून केलें, आम्हीं लोभानें केलें. ती यादी वाचून नवेगावास जाणाऱ्यास मात्र दोहोंचें फळ सारखेंच. ती स्मरणिका अजून कोणाकोणाच्या कपाटांत असेल.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहाच्या आंत आम्ही दोघे त्या कडुनिंबाखालीं उभे होतों. मागें एक मालमोटार गुरगुरत होती. ढोलीच्या तोंडाशीं एक जोडपें बसलें होतें. मुलानें दुर्बीण डोळ्यांस लाविली आणि बराच वेळ खालीं घेतली नाहीं. मग खिशांतून फोन काढून त्यानें जुनी नोंद बदलली: पिंगळा, दोन.

परत येतांना त्यानें आमच्या वहीविषयीं विचारलें. आम्हीं तीं पानें त्यास दाखविलीं. 'निश्चित' हा शब्द आम्हीं खोडलेला नाहीं. त्याच्या शेजारीं तांबड्या शाईनें नंतरची तारीख घालून लिहिलें आहे, 'डोक्यावर ठिपके होते.' त्यानें तें वाचलें, आणि तो पक्षी एकटाच होता काय, असें विचारलें. एकटाच होता. तेवढें मात्र आम्हांस नीट आठवतें.