संसद आणि काँग्रेस : फरक सरपंचाच्या निवडीवरून समजून घेऊ

'अमेरिकन काँग्रेसने विधेयक अडवलं' अशी बातमी आली की आपल्या आळेफाट्यावर हमखास कुणीतरी विचारतं, काँग्रेस तिकडे कधी पोचली? आपल्याकडे काँग्रेस हे पक्षाचं नाव, अमेरिकेत ते कायदेमंडळाचं. पण फरक नावापुरता नाही, आणि तो समजायला ग्रामपंचायत पुरेशी आहे.

पूर्वी आपण सदस्य निवडायचो आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. 2017 मध्ये राज्य सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा केला, 2020 मध्ये तो रद्द झाला, 2022 मध्ये परत आला. जुनी पद्धत संसदेच्या वळणाची, नवी काँग्रेसच्या.

दिल्लीत पंतप्रधानाला आपण थेट मत देत नाही. लोकसभेच्या 543 खासदारांत ज्याच्यामागे बहुमत, त्याचं सरकार. मंत्रीही संसदेचा सदस्य लागतो. नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. बहुमत गेलं की सरकार गेलं. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270, अशा एका मताने पडलं.

अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक वेगळी, काँग्रेसची वेगळी. काँग्रेसची दोन सभागृहं : प्रतिनिधीगृहात 435 सदस्य, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, म्हणजे 100. मंत्र्याला काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही. अविश्वास ठराव हा प्रकारच नाही. महाभियोग आहे, पण पदावरून काढायला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. आजवर एकही अध्यक्ष असा गेलेला नाही. दोघांचं पटलं नाही तर कारभार अडतो. 2018-19 मध्ये सरकारी कामकाजाचा काही भाग 35 दिवस बंद होता.

नावावरून मात्र पद्धत ओळखू नये. पाकिस्तान आणि मालदीव दोन्हीकडे 'मजलिस' आहे, पण पाकिस्तानात पंतप्रधान, मालदीवमध्ये थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष.

आता गावाकडे. सरपंच एका गटाचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं, मग गटाराचं काम असो की कब्रस्तानच्या भिंतीचं, ठराव लटकतो. हे वॉशिंग्टनचंच दुखणं. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास मंजूर केला, तरी ग्रामसभेत मतदान घ्यावं लागतं. अमेरिकेच्या मतदाराला अध्यक्षाबाबत अशी मधली संधी नाही, त्याला चार वर्षं थांबावं लागतं.