दिनविशेष १७ ऑक्टोबर : तेल अडले आणि समुद्र आठवला

१९७३ : अरब-इस्रायल युद्ध पेटलेले असताना अरब तेलमंत्र्यांनी कुवेतमध्ये आजच्या दिवशी तेल उत्पादनात दरमहा ५ टक्के कपातीचा निर्णय घेतला. रोख अमेरिका आणि इस्रायलच्या इतर पाठीराख्यांवर होता. भारत अरबांच्या बाजूचा, तरी भाववाढीतून सुटला नाही. सुमारे ३ डॉलरचे पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेले. दिल्लीत या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीने संसदेत पोहोचले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजला तर रेल्वेच नाही. मिरची असो की गूळ, बाहेर जायचे ते रस्त्यानेच, म्हणजे डिझेलचा भाव थेट बाजारात उतरणारा.

उत्तर मात्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राखाली होते. भारतात तेल नाही, असे पाश्चात्त्य कंपन्यांचे जाणकार सांगत आले होते. केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी ते न मानता सोव्हिएत मदत घेतली, आणि साठच्या दशकातच सोव्हिएत जहाजाच्या पाहणीत मुंबईजवळच्या समुद्रतळाची आशादायक रचना दिसली. मग इतकी वर्षे खोदाई का नाही? भर समुद्रात खोदाईचे तंत्र नव्हते, पैसाही नव्हता. आयातीचे तेल स्वस्त होते हेही खरेच. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या खोदाईच्या फलाटाने फेब्रुवारी १९७४ मध्ये याच भागात, बॉम्बे हायला तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तरीही आज देशाच्या गरजेचे ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरूनच येते, आणि त्यातले बरेचसे अशांत आखाती देशांतून.