सौंसर-पांढुर्ण्याची मराठी

बोरगाव परिसरातल्या मराठीवर एक शेरा नेहमी ऐकू येतो: 1956 मध्ये हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि हिंदीने इथली मराठी बिघडवली. पुरावा म्हणून ‘तो जेवून राहिला’ हे वाक्य पुढे केले जाते. प्रमाण मराठीत ‘तो जेवत आहे’. ‘राहिला’मागे हिंदीतला ‘रहा है’ उभा आहे, हे कोणालाही दिसेल. पण हाच प्रयोग नागपूर, अमरावती, अकोल्यातही सर्रास चालतो, आणि ते जिल्हे 1956 मध्ये मुंबई राज्यात गेले. म्हणजे हा संस्कार सरहद्दीहून जुना मानावा लागतो. देवगडच्या गोंड राजांनंतर हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, आणि दोन्ही भाषा एकाच बाजारात नि एकाच कचेरीत वावरू लागल्या. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ही तर वऱ्हाडी-नागपुरीची घरचीच रूपे. उलट पांढुर्ण्याकडच्या पवारांची भोयरी मूळ माळव्याच्या कुळातली असून तिच्यावर मराठीची छाप आहे. त्याबद्दल मात्र कोणी तक्रार करत नाही!

स्वीडनच्या स्कोने प्रांताची गोष्ट इथे उपयोगी पडते. 1658 च्या रोस्किल्ड तहाने डेन्मार्कने तो स्वीडनला दिला. 1666 मध्ये लुंडला विद्यापीठ स्थापन झाले, पुढे चर्च आणि शाळांत स्वीडिश आली. तरी तिथे मुलाला आजही ‘पोग’ म्हणतात. या बोलीवर डॅनिशचा ‘प्रभाव’ पडला, असे म्हणणे मला उफराटे वाटते. मूळ बोलीच डॅनिशच्या घरातली, स्वीडिश तिच्यावर नंतर चढली.

आमच्या सरहद्दीने खरा फरक केला तो कारभाराच्या शब्दांत. पलीकडे तलाठी, इकडे पटवारी. पलीकडे ग्रामसेवक, इकडे सचिव. त्यातही नागपूर जिल्ह्यातले म्हातारे अजून पटवारीच म्हणतात, कारण तो जुन्या मध्य प्रांताचा शब्द.

चिंता आहे ती लिहिण्याची. मूल घरी ‘मले’ म्हणते आणि वहीत ‘मुझे’ लिहिते. ‘मले’ त्याला छापलेले कुठेच दिसत नाही. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी कागद हिंदीतच आहेत. वावराचे, विहिरीचे, बैलांच्या साजाचे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत तोवर ते गावोगाव टिपून घ्यायला हवेत. सुरुवात संत्र्याच्या बागेपासून करावी. आंबिया बहर आणि मृग बहर हे शब्द अजून सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तसेच बोलले जातात.